इटालियन माणसाला वाढदिवसाच्या शुभेच्छा देताना: पहिल्यांदाच देणाऱ्यांसाठी

‘ब्वोन कोम्प्लेआन्नो’ हे दोन शब्द पाठ व्हायला अर्धा मिनिटही लागत नाही. घोळ होतो तो बाकीच्या गोष्टींत: कधी म्हणायचं, कोणाला कोणत्या सुरात म्हणायचं, लिहिताना एक ‘एन’ सुटला तर काय होतं, आणि गुच्छात शेवंती घातली तर घरात शांतता का पसरते.

मिलान किंवा तोरिनोला शिकायला गेलेली मुलं, रोममध्ये शिकणारे वसई-गोव्याकडचे धर्मगुरू, बारामतीच्या पियाज्जोसारख्या कारखान्यांत इटालियन सहकाऱ्यांबरोबर काम करणारे लोक, अशा सगळ्यांना हे कधी ना कधी लागतं. इटालियन येत नसलं तरी चालेल. खालचे शब्द देवनागरीत दिले आहेत. जिथे रोमन स्पेलिंगला महत्त्व आहे तिथे अक्षरं सुटी करून सांगितली आहेत.

हाताशी काय हवं

- वाढदिवसाची नक्की तारीख. इटलीत आपल्यासारखीच आधी दिवस, मग महिना अशी लिहितात. अमेरिकी पद्धतीच्या ॲपमधून तारीख घेतली असेल तर ५/८ म्हणजे नेमकं काय, ते तपासा.
- ती व्यक्ती स्त्री की पुरुष, आणि तुमचं नातं ‘तू’चं की ‘तुम्ही’चं.
- फोनमध्ये इटालियन कीबोर्ड. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये ‘इतालियानो’ ही भाषा जोडली की झालं. फक्त इंग्रजी कीबोर्ड असेल तर ऑटोकरेक्ट इटालियन शब्द आपल्या मनाने बदलतं.
- कार्ड पाठवायचं असेल तर पूर्ण पत्ता, पाच आकडी पोस्टल कोडसकट. या कोडला तिकडे ‘काप’ म्हणतात.

१. आधी घड्याळ बघा

सगळ्यात मोठा खड्डा इथेच आहे. इटलीत वाढदिवसाच्या आधी शुभेच्छा देणं अपशकुनी मानतात. ‘पोर्ता स्फोर्तूना’, म्हणजे याने दुर्दैव ओढवतं, असं लोक खरोखर म्हणतात. गंमतीत म्हणतात, पण चेहरा पडतोच. ‘उद्या मी गडबडीत असेन, म्हणून आजच शुभेच्छा देतो’ ही आपल्याकडची साधी सोय तिकडे चालत नाही. शुक्रवारी ऑफिस सुटताना रविवारच्या वाढदिवसाचे ‘आउगूरी’ (शुभेच्छा) देऊ नका. पार्टीही शक्यतो त्याच दिवशी किंवा नंतरच्या शनिवार-रविवारी होते.

भारतातून मेसेज करणारे नेमके इथे फसतात, कारण आपल्याला रात्री बाराच्या ठोक्याला शुभेच्छा द्यायची सवय. भारतात रात्रीचे १२ वाजतात तेव्हा इटलीत आदल्या दिवसाची संध्याकाळ असते: हिवाळ्यात साडेसात, उन्हाळ्यात साडेआठ. हिवाळ्यात भारत साडेचार तास पुढे असतो आणि उन्हाळ्यात साडेतीन तास. तिकडची घड्याळं मार्चच्या शेवटच्या रविवारी एक तास पुढे जातात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी परत मागे येतात. म्हणजे त्यांचा वाढदिवस सुरू होतो तो आपल्या पहाटे ३:३० ला (उन्हाळा) किंवा ४:३० ला (हिवाळा). मेसेज शेड्यूल करायचा असेल तर सकाळी ११ ची वेळ लावा. तिकडे तेव्हा साडेसहा-साडेसात वाजलेले असतात. उठल्यावर पहिला मेसेज तुमचा दिसेल आणि चूक व्हायचा प्रश्नच नाही.

याच फरकाचा फायदाही आहे. दिवसभर विसरलात आणि रात्री साडेअकराला आठवलं, तरी इटलीत अजून संध्याकाळ आहे. लगेच करा, उशीर झालेला नाही.

न्यू जर्सी किंवा टोरोंटोला असाल तर हिशोब उलटा. तिकडून इटली साधारण सहा तास पुढे आहे. तुमच्याकडे आदल्या दिवशी संध्याकाळचे सहा वाजले की इटलीत वाढदिवस सुरू झाला, आणि वाढदिवसाच्या दिवशी संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर मेसेज केलात तर तिकडे तारीख उलटलेली असते.

२. दोन वाक्यं पुरतात

- ब्वोन कोम्प्लेआन्नो! वाढदिवसाच्या शुभेच्छा. फक्त वाढदिवसालाच.
- तान्ती आउगूरी! खूप खूप शुभेच्छा. हे लग्नाला, नाताळाला, नव्या वर्षालाही चालतं. नुसतं ‘आउगूरी!’ म्हटलं तरी पुरतं.

दोन्ही जोडून ‘तान्ती आउगूरी दि ब्वोन कोम्प्लेआन्नो’ हे पूर्ण वाक्य होतं. कार्डावर आणि थोड्या औपचारिक प्रसंगी हे छान दिसतं. ‘फेलीचे कोम्प्लेआन्नो’ सुद्धा बरोबर आहे, पण बोलताना ते कमी ऐकू येतं. मित्रमंडळींत शब्द फुगवून ‘आउगूरोनी’ किंवा ‘आउगुरीस्सिमी’ म्हणतात.

आणखी एक ठेवणीतलं वाक्य म्हणजे चेन्तो दि क्वेस्ती जोर्नी, असे शंभर दिवस येवोत. आपण ‘शतायुषी व्हा’ म्हणतो त्याच जागी ते बसतं. सार्दिनिया बेटावरच्या माणसाला त्याच्या भाषेत ‘आ केंत आन्नोस’ म्हणालात तर तो खूश होईल. शंभरी गाठणाऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या त्या बेटावर पेला उंचावतानाही हेच म्हणतात. अठ्ठ्याण्णव वर्षांच्या आजींना मात्र ‘शंभरीपर्यंत’ म्हणण्याआधी क्षणभर थांबा.

इथे नेहमी होणाऱ्या चुका:

- ‘तान्ते’ किंवा ‘तान्तो’ आउगूरी. बाईला असो वा पुरुषाला, ‘तान्ती’ बदलत नाही. ते ‘आउगूरी’ला जुळतं, माणसाला नाही.
- ‘ब्वोनो’ किंवा ‘ब्वोना’ कोम्प्लेआन्नो. नेहमी ‘ब्वोन’च.
- ‘कोंग्रातुलात्स्योनी’. हे अभिनंदन झालं. नोकरी लागली, पदवी मिळाली की म्हणतात. वाढदिवसाला ऐकायला विचित्र वाटतं.
- ‘तान्ती आउगूरी आ जूल्या’. जूल्या समोर असताना ‘आ’ नको, कारण त्याने ती तिसरीच कोणी असल्यासारखं होतं. ‘तान्ती आउगूरी, जूल्या!’ म्हणा. गाण्यात तेवढं ‘आ’ येतं.

३. उच्चार: इंग्रजी वळण सोडा, मराठी धरा

मराठी माणसाचं तोंड इटालियनसाठी जवळजवळ तयारच असतं. बिघडतं ते आपण रोमन अक्षरं बघून इंग्रजीच्या वळणाने वाचतो म्हणून. ‘टॅन्टी ऑगुरी’ असं काही बाहेर पडतं, ते तिथून.

त आणि द. इटालियनमध्ये जीभ दातांना लागते, अगदी आपल्या ‘तवा’ आणि ‘दही’सारखी. ट-ड वापरायचेच नाहीत.

जोडाक्षर पूर्ण दाबा. कोम्प्लेआन्नोमधला ‘न्न’ आपल्या ‘अन्न’मधला आहे. तो ढिला सोडला तर अर्थच बदलतो: ‘आन्नो’ म्हणजे वर्ष आणि ‘आनो’ म्हणजे गुदद्वार. ‘क्वान्ती आन्नी कोम्पी?’ (किती वर्षं पूर्ण करतोयस?) हा प्रश्न एका न ने विचारलात तर टेबलावर हशा पिकेल. लिहितानाही हाच धोका आहे. म्हणून स्पेलिंग एकदा नीट बघून ठेवा: बी-यू-ओ-एन, मग सी-ओ-एम-पी-एल-ई-ए-एन-एन-ओ. शेवटी दोन एन.

जोर कुठे द्यायचा. कोम्प्लेआन्नोत ‘आन्’वर, आउगूरीत ‘गू’वर. हा ‘गू’ थोडा लांबतो. ‘आउ’ आणि ‘गूरी’ यांच्यामध्ये थांबू नका.

शेवटचा स्वर गिळू नका. आपण ‘राम’ म्हणताना शेवटचा अ खातो, तसं तिकडे नाही. कोम्प्लेआन्नोओ स्पष्ट ऐकू आला पाहिजे. ‘ग्रात्स्ये’ (आभार) यातला ‘ये’ही तसाच. ‘ग्रात्सी’ म्हणणारा परदेशी लगेच ओळखू येतो.

दोन प्रकारचे च. ही मराठीची खास चंगळ आहे. ‘ग्रात्स्ये’मधला झेड म्हणजे आपल्या ‘चांगला’, ‘चमचा’मधला दंततालव्य च. ‘चाओ’ आणि ‘चेन्तो’मधला सी म्हणजे ‘चहा’, ‘चिमटा’मधला च. हिंदी भाषकाला हा फरक शिकावा लागतो, तुमच्या तोंडात तो आधीपासून आहे.

एच मुका. ‘किती वर्षांचा आहेस’ हे विचारताना शेवटी जो एच-ए-आय दिसतो तो ‘हाय’ नव्हे, ‘आय’: ‘क्वान्ती आन्नी आय?’

४. ‘तू’ की ‘लेई’, भाऊ की ताई

आपल्या ‘तू’ आणि ‘तुम्ही’सारखीच इटालियनमध्ये ‘तू’ आणि ‘लेई’ अशी जोडी आहे. मित्र, वर्गमित्र, समवयस्क सहकारी यांना तू. घरमालकीण, प्राध्यापक, डॉक्टर, मित्राचे आजी-आजोबा यांना लेई, निदान त्यांनी स्वतः ‘तू म्हण’ असं सांगेपर्यंत.

सोय अशी की ‘ब्वोन कोम्प्लेआन्नो’ आणि ‘तान्ती आउगूरी’ या दोन्हींत तू-लेईचा प्रश्न येतच नाही. शंका असेल तर एवढ्यावरच थांबा. वाक्य लांबवायचं असेल तरच निवड करावी लागते:

- तू: ती आउगूरो ऊना स्प्लेन्दिदा जोर्नाता. (तुझा दिवस झकास जावो.)
- लेई: ले आउगूरो ऊना स्प्लेन्दिदा जोर्नाता.
- एकापेक्षा जास्त जण, समजा जुळे: वी आउगूरो…

लिहिताना ‘प्रिय’ या अर्थी पुरुषाला ‘कारो’ आणि बाईला ‘कारा’. इथे नावं फसवतात. आन्द्रेआ, निकोला, लूका, सिमोने ही इटलीत पुरुषांची नावं आहेत. ‘आ’ने संपलं म्हणजे बाई, हा नियम इथे लावू नका. नुसतं ईमेलवर बघून ‘कारा आन्द्रेआ’ लिहिलंत, तर पलीकडे दाढीवाला इंजिनिअर असायचा. प्रोफाइलचा फोटो बघा किंवा कोणाला तरी विचारा. ते जमत नसेल तर ‘चाओ आन्द्रेआ’ लिहा, ते दोघांनाही चालतं.

५. मेसेज किंवा कार्ड लिहिताना

लांबलचक मराठी मजकूर भाषांतराच्या ॲपमध्ये टाकून चिकटवू नका. ‘देव तुम्हाला उदंड आयुष्य, आरोग्य आणि सुखसमृद्धी देवो’ याचं भाषांतर होईल, पण ते इटालियन कानांना प्रवचनासारखं लागेल. तिकडचा मेसेज छोटा असतो: शुभेच्छा, एखादी इच्छा, शेवटी मिठी किंवा पापी.

मित्राला किंवा मैत्रिणीला:
*चाओ मार्को! तान्ती आउगूरी दि ब्वोन कोम्प्लेआन्नो! उन आब्ब्राच्चो, सायली.*
‘उन आब्ब्राच्चो’ म्हणजे एक मिठी. पुरुषाने पुरुषाला लिहिलं तरी त्यात काही वावगं नाही. ‘बाची’ (पाप्या) थोडं जास्त जवळिकीचं, मैत्रिणींमध्ये सर्रास. नुकत्याच ओळख झालेल्या माणसाला ‘आब्ब्राच्चो’ही नको, ‘चाओ’ने संपवा.

घरमालकीणबाईंना:
*ब्वोनजोर्नो सिन्योरा, तान्ती आउगूरी दि ब्वोन कोम्प्लेआन्नो! ले आउगूरो ऊना बेल्ला जोर्नाता.*

प्राध्यापक बाईंना, पण त्यांचा वाढदिवस तुम्हाला त्यांच्याकडूनच कळला असेल तर:
*जेन्तीले प्रोफेस्सोरेस्सा, ले आउगूरो उन सेरेनो कोम्प्लेआन्नो. कोर्द्याली सालूती.*
यात ‘ले’चा एल मोठा लिहिण्याची रीत आहे. प्राध्यापकाला ‘चाओ’ने सुरुवात करू नका आणि केकची चित्रंही टाकू नका.

कार्डाला ‘बिल्येत्तो दि आउगूरी’ म्हणतात. कागद-पेनाच्या दुकानात, म्हणजे ‘कार्तोलेरिया’त, मिळतं. छापील मजकुराखाली हाताने एक ओळ लिहा. ‘दि क्वोरे’ (मनापासून) हे दोन शब्द जोडले तरी कार्ड तुमचं वाटतं. लिफाफ्यावर आधी नाव, मग रस्त्याचं नाव आणि त्याच्या नंतर घर क्रमांक, खालच्या ओळीत पोस्टल कोड, शहर आणि जिल्ह्याची दोन अक्षरं, शेवटी मोठ्या अक्षरांत देश. ‘अमुक यांच्या घराजवळ’, ‘देवळासमोर’ वगैरे खुणा तिकडच्या पोस्टमनला लागत नाहीत. पण दारावरच्या पाटीवर घरमालकाचं आडनाव असेल आणि तुमचा मित्र भाडेकरू असेल, तर पाटीवरचं आडनाव लिफाफ्यावर टाकलेलं बरं. इमारतीत पेट्या फ्लॅट नंबरने नाही, आडनावाने ओळखतात.

६. फोन करणार असाल तर

देशाचा कोड ३९. मोबाइल नंबर ३ ने सुरू होतो, तो ३९ नंतर तसाच लावा. घरचा फोन असेल तर सुरुवातीचं शून्य काढू नका. आपल्याकडे परदेशातून फोन लावताना शहराच्या कोडमधलं शून्य गाळतात, त्या सवयीने लोक रोमचं ०६ किंवा मिलानचं ०२ यातलं शून्य काढतात आणि फोन लागतच नाही.

पलीकडून ‘प्रोन्तो?’ ऐकू येईल. तुम्ही म्हणा: ‘प्रोन्तो, सोनो सायली. तान्ती आउगूरी!’ पुढचं इटालियन येत नसेल तर लगेच इंग्रजीवर या, कोणी मनावर घेत नाही. दुपारी एक ते अडीच जेवणाची वेळ आणि रात्री आठनंतर पुन्हा जेवण, तेवढं टाळा. भारतातून करायचा तर आपल्या दुपारी तीनच्या सुमारास केलेला बरा. तिकडे तेव्हा सकाळ असते.

७. समोर असाल तर

ज्याचा वाढदिवस तो ‘फेस्तेज्जातो’, जिचा असेल ती ‘फेस्तेज्जाता’. ओळखीच्या लोकांत ‘आउगूरी!’ म्हणत दोन्ही गालांना गाल लावतात. कोणती बाजू आधी, याचा देशभर एकच नियम नाही. तुम्ही पुढाकार घेऊ नका, समोरच्याचं डोकं कुठे वळतंय ते बघून जा. ऑफिसात किंवा पहिल्या भेटीत हस्तांदोलन पुरे. मित्रांच्या टोळक्यात जितकी वर्षं तितक्या वेळा कान ओढायचीही जुनी पद्धत आहे. ती तुमच्यावर उलटेल तेव्हा घाबरू नका.

केक आला की दिवे मालवतात आणि गाणं सुरू होतं. चाल आपल्या ओळखीचीच:

*तान्ती आउगूरी आ ते,*
*तान्ती आउगूरी आ ते,*
*तान्ती आउगूरी आ जूल्या,*
*तान्ती आउगूरी आ ते!*

तिसऱ्या ओळीत नाव बदला. लांबलचक नाव असेल तर ते कसंतरी कोंबतात आणि सगळे वेगवेगळ्या वेळी संपवतात, तेव्हा तुमचं चुकलं तरी कळणार नाही. शेवटी एखादं कार्टं ‘ए ला तोर्ता आ मे!’ (आणि केक मला!) असं जोडणारच. मग ‘एस्प्रीमी उन देझिदेर्यो!’, म्हणजे मनात काहीतरी माग, आणि मेणबत्त्या फुंकायच्या. आपल्याकडे केक तोंडाला फासतात, ते इथे मुळीच करू नका.

त्यानंतर स्पुमान्ते, म्हणजे फसफसणारी वाइन. पेला उचलून ‘चिन चिन’ किंवा ‘सालूते’ म्हणताना समोरच्याच्या डोळ्यांत बघतात आणि हात एकमेकांवरून आडवे जाऊ देत नाहीत. पाण्याच्या पेल्याने टोस्ट करू नका, तेही अपशकुनी मानतात. दारू घेत नसाल तर आधीच ‘सोनो आस्तेम्यो’ (बाई असाल तर ‘आस्तेम्या’) म्हणा आणि पेल्यात संत्र्याचं सरबत मागून घ्या. आग्रह होत नाही.

शाकाहारी लोकांनी केककडे जरा डोळे उघडून बघावं. गार, थरथरत्या केकमध्ये, म्हणजे बावारेझे, मूस किंवा न भाजलेल्या चीजकेकमध्ये, जिलेटीन असतं आणि घटकांच्या यादीत ते ‘कोल्ला दि पेशे’ या नावाने लपतं. कान्नोली या नळीसारख्या मिठाईचं तळलेलं कवच आणि नेपल्सची स्फोल्यातेल्ला ही पापुद्र्यांची पेस्ट्री यांत परंपरेने ‘स्त्रुत्तो’, म्हणजे डुकराची चरबी, घालतात. क्रीमचा साधा पान दि स्पान्या (स्पंज केक) किंवा फळांची क्रोस्ताता (टार्ट) बहुधा ठीक असते, पण अंडं दोन्हींत असतंच. तुम्हीच केक सांगणार असाल तर पास्तिच्चेरियात, म्हणजे केक-पेस्ट्रीच्या दुकानात, दोन-तीन दिवस आधी सांगा, माणशी १०० ते १५० ग्रॅम धरा, आणि वर लिहायचा मजकूर कागदावर लिहून द्या. तोंडी सांगितलेलं मराठी नाव केकवर काय होऊन उतरेल, सांगता येत नाही.

८. भेट आणि पार्सल

फुलं द्यायची तर शेवंती नको. तिकडे शेवंती कबरीवर वाहतात. नोव्हेंबरच्या २ तारखेला, मृतांच्या स्मरणदिनी, दफनभूमी तिनेच भरलेल्या असतात. आपल्या हारातलं आणि वेणीतलं फूल म्हणून हात सहज तिकडे जातो, म्हणून मुद्दाम सांगितलं. गुच्छात फुलं विषम संख्येत ठेवतात. हातरुमाल देत नाहीत, डोळ्यांत पाणी येतं म्हणतात. सुरी दिलीत तर समोरचा तुम्हाला एखादं नाणं परत देईल. ते घ्या, मैत्री तुटू नये म्हणून तो तोडगा असतो.

पाकिटात पैसे द्यायचे झाले तर सरळ ५० द्या. एक्कावन्नमागचा वरचा एक कोणाला कळणार नाही. ऑफिसात बहुधा वर्गणी काढून एकच भेट घेतात, तिला ‘कोल्लेत्ता’ म्हणतात. त्यात भाग घ्या आणि वेगळी भेट आणू नका. भेट मिळाली की ती तिथल्या तिथे सगळ्यांसमोर उघडतात. आपल्यासारखी बाजूला ठेवून दिलीत तर देणाऱ्याला वाटतं, आवडली नाही.

भारतातून पार्सल पाठवताना दोन गोष्टी सांभाळा. एक, खाजगी व्यक्तीने खाजगी व्यक्तीला पाठवलेली भेट ४५ युरोपर्यंत असेल तर त्यावर सीमाशुल्क आणि कर लागत नाही. त्याहून महाग असेल तर सर्वसाधारण वस्तूंवर २२ टक्के मूल्यवर्धित कर आणि वर हाताळणीचा खर्च, तोही घेणाऱ्याच्या माथी. घोषणापत्रावर ‘भेट’ लिहा, वस्तूचं नाव आणि खरी किंमत लिहा. दोन, युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ खाजगी पार्सलमधून पाठवायला बंदी आहे. पेढे, कुंदा, खव्याची बर्फी यांचा नाद सोडा, जप्त होतील. शेंगदाण्याची चिक्की किंवा मसाल्याचा डबा चालून जातो. त्याहून सोपं म्हणजे त्यांच्या गावातल्या फुलवाल्याकडे ऑनलाइन पैसे भरून गुच्छ पोचवणं.

९. उशीर झाला तर

आधी दिलेल्या शुभेच्छांचं जेवढं वाईट वाटतं तेवढं उशिराचं वाटत नाही. ‘तान्ती आउगूरी इन रितार्दो!’ म्हणा आणि मोकळे व्हा. आठवडा उलटून गेला असेल तर पुढे ‘स्कूझा इल रितार्दो’ (उशिराबद्दल माफ कर) जोडा. ‘लेई’वाल्यांना ‘मी स्कूझी पेर इल रितार्दो’. लांबलचक कारणं लिहू नका.

१०. नावाचा दिवसही असतो

इटलीत वाढदिवसाखेरीज ‘ओनोमास्तिको’ असतो: ज्या संताचं नाव ठेवलं त्या संताचा दिवस. दक्षिणेत आणि म्हाताऱ्या माणसांत याला अजून मान आहे. तरुणांना आठवणही नसते, पण आजीचा फोन येतो. म्हणायचं ‘ब्वोन ओनोमास्तिको!’ किंवा नुसतं ‘आउगूरी!’. नेहमी लागणाऱ्या तारखा:

- जुझेप्पे, जुझेप्पीना: १९ मार्च (त्याच दिवशी तिकडे पितृदिनही)
- आन्तोन्यो: १३ जून
- जोवान्नी: २४ जून
- पिएत्रो, पाओलो: २९ जून
- आन्ना: २६ जुलै
- जेन्नारो: १९ सप्टेंबर, नेपल्समध्ये मोठा उत्सव
- फ्रान्चेस्को: ४ ऑक्टोबर
- लुचीया: १३ डिसेंबर
- स्तेफानो: २६ डिसेंबर

गोव्याच्या वाचकांना यातल्या काही तारखा पाठच असतील. १३ जूनचा सांत आंतोन, २४ जूनचं सांजांव. फक्त फ्रान्चेस्कोच्या बाबतीत गफलत होते. गोंयच्या सायबाचं, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरचं, फेस्त ३ डिसेंबरला असतं, म्हणून त्या दिवशी इटालियन फ्रान्चेस्कोला शुभेच्छा द्याल, तर तो गोंधळेल. त्याचा संत आसीसीचा, ४ ऑक्टोबरचा. ३ डिसेंबर हा ‘साव्हेर्यो’ किंवा ‘फ्रान्चेस्को साव्हेर्यो’ अशा नावाच्या माणसाचा दिवस. ज्या नावाचा संतच नाही अशांसाठी १ नोव्हेंबरचा सर्वसंतांचा दिवस राखीव आहे.

११. वाढदिवस तुमचा असेल तर

खर्च तुमचा. ऑफिसात सकाळी पास्तिच्चेरियातून छोट्या पेस्ट्र्यांचा ट्रे आणायचा, नाहीतर संध्याकाळी बारमध्ये ‘ओफ्रो ईओ’ (मी देतोय) म्हणायचं. ‘पार्टी दे’ असं तोंडाने मागावं लागत नाही, लोक गृहीतच धरतात.

शुभेच्छांना उत्तर: ‘ग्रात्स्ये!’, ‘ग्रात्स्ये मिल्ले!’, ग्रुपवर ‘ग्रात्स्ये आ तुत्ती!’. नाताळात ‘आउगूरी’ला ‘तुलाही’ या अर्थी ‘आंके आ ते’ म्हणतात, ते ऐकून ऐकून जिभेवर बसलेलं असतं. वाढदिवसाला तेवढं तोंडातून जाऊ देऊ नका. आणि वय विचारलं तर ‘मी तीस आहे’ असं इंग्रजी पद्धतीने नाही, ‘ओ त्रेन्तान्नी’ म्हणा. दोन्ही न दाबून.